दाजींचा ॲम्प्लिफायर

दाजींनी गाडी दुकानासमोर लावली नाही, दुकानावर घातली. पुढचं चाक पायरीवर चढलं, पायरीचा एक टवका उडाला, आणि उतरताना त्यांनी दार असं आपटलं की शेजारच्या गादीवाल्याचा टाका चुकला. गादीवाला गाड्यांच्या सीट शिवायचा. सुई थांबवून तो म्हणाला, "आले तुझे जावईबापू. आज काय पाडणार?"

"हळू बोल," मीटर म्हणाला.

मीटर हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हातात कायम मल्टिमीटर असायचा म्हणून बाजाराने ते ठेवलं, आणि त्यानेही ते पाटीवर रंगवून घेतलं. गाड्यांत स्पीकर, वूफर, ॲम्प्लिफायर बसवणं हा त्याचा धंदा, आणि बिघडलेलं शोधून काढणं हा त्याचा माज. त्याच्या कामात कुणी खोट काढली तर तो सख्ख्या आईशीही अबोला धरी.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जुनी घरं पाडायचे ठेके घेत. भिंतीवर बोटाने टकटक केली की ती भरीव आहे की नुसता गिलावा दिलेला आडोसा, आणि पलीकडचा माणूस खोकला तर अलीकडे ऐकू येईल की नाही, हे ते सांगत. मीटरच्या दुकानाचं शटर, काचेचं दार, हात धुवायचं बेसिन, सगळं त्यांनी कुठल्या ना कुठल्या पाडलेल्या घरातून आणून दिलेलं. मीटर रोज हात धुवायचा तेही कुणाच्या तरी मोडलेल्या संसारात. आणि दाजी दिलेलं विसरणाऱ्यांतले नव्हते. आले की आधी शटरवर थाप मारत, मग मीटरच्या मानेवर. दोन्हींचा आवाज सारखाच यायचा.

"तुझा डबा मेला परत," दाजी म्हणाले आणि आज शटर वगळून थेट मानेवर आले. "तुला एवढं उभं करून दिलं, आणि तू आमच्या गळ्यात हा खोका बांधलास?"

"बसा तरी दाजी. पाणी आणतो."

"पाणी त्याच्यावर ओत. वाजतो, वाजतो आणि ऐन वेळी गप्प. लाल दिवा लावून बसतो."

"तापत असेल. फार तापला की तो स्वतःच बंद होतो. नाहीतर जळून जाईल ना."

"असेल?" दाजींनी डिकी उघडली. "तापत असेल म्हणतो! इकडे ये."

त्यांनी मीटरचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात ॲम्प्लिफायरच्या पाठीवर दाबला. त्या पाठीवर उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात. मीटरच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून गादीवाला हसायच्या बेतात होता, पण दाजी हात सोडत नाहीत हे दिसलं तसं त्याचं हसू दातांतच राहिलं. मीटर गुडघ्यांत वाकला. दाजी शांतपणे त्याच्याकडे बघत होते, भिंत कुठे चिरते ते बघावं तसे.

"तापलाय की नाही?"

"तापलाय! तापलाय दाजी!"

"मग 'असेल' म्हणायचं नाही." त्यांनी हात सोडला आणि पाठीवर प्रेमाने एक गुद्दा घातला. "मेहुणा आहेस म्हणून थोडक्यात सोडलं. रविवारच्या आत पाहिजे."

ते गेल्यावर मीटर बेसिनखाली हात धरून उभा राहिला. तळव्यावर पट्ट्यांच्या लाल रेघा उठल्या होत्या. दुसरा कुणी असता तर रडला असता किंवा त्याने शिव्या दिल्या असत्या. मीटरच्या मनात आलं ते वेगळंच: घरापासून इथवर गाडी वाऱ्याने आली, तरी चटका बसतो. म्हणजे बंद पडला तेव्हा हा किती तापला असेल? माणसाची कातडी सोलली तरी सवय जात नाही.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दाजींनी जाता जाता सांगितलं होतं की गाडी चालवताना बंद पडतो आणि आवाज बेताचा असतो. मीटरने ती दोन्ही वाक्यं ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

त्याने इंजिन चालू ठेवून पूर्ण आवाज सोडला. बाजार वैतागला, समोरच्या चष्मेवाल्याने येऊन दोनदा हात जोडले, ॲम्प्लिफायर बंद पडला नाही. गाडी रस्त्यावर फिरवून आणली, नाही. अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला कसली होती तिथला रंग नीट खरवडलेला होता. वूफर ठीक होते. मग त्याने इंजिन बंद केलं, डिकी लावून घेतली आणि पुन्हा पूर्ण आवाज सोडला. चहा संपायच्या आत आवाज तुटला. डिकी उघडली तर आतून भट्टीसारखी वाफ, आणि लाल दिवा.

"सापडला!" मीटर ओरडला. "इंजिन बंद असलं की बॅटरी खाली खाली जाते. तेवढाच आवाज काढायला हा बिचारा जास्त करंट ओढतो आणि तापतो. त्यात डिकी बंद. श्वास कुठून घेणार?"

गादीवाल्याने सुई खोचून ठेवली. "म्हणजे तुझे दाजी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, कानठळ्या बसतील एवढं गाणं लावतात?"

"तसंच दिसतंय."

"आत बसून?"

"हौस असते एकेकाला."

"त्या माणसाला गाण्याची? एक ओळ म्हणून दाखवा म्हणावं. मी त्यांच्या सीटा जन्मभर फुकट शिवीन."

"आपल्याला काय करायचंय? रोग सापडला, औषध द्यायचं."

त्याच दुपारी ताईचा फोन आला. तिच्या आवाजामागे नळ सोडलेला ऐकू येत होता.

"छोट्या, गाडी तुझ्याकडे आहे ना रे?"

"आहे. आणि ताई, बिघाड सापडलासुद्धा."

नळ वाहत राहिला. "इतक्यात?"

"मग! भाऊ कुणाचा आहे?"

"घाई करू नकोस. नीट बघ. महिना लागला तरी चालेल. पार्ट मिळत नाही म्हण."

"अगं, पार्ट आहे माझ्याकडे."

"असला तरी मिळत नाही म्हण ना."

"म्हणजे दाजी दुसऱ्याकडे नेणार, आणि तो गावभर सांगणार की मीटरला जमलं नाही. त्या आवाजाचा त्रास होतो का तुला?"

"आवाजाचा नाही," ताई म्हणाली. मग नळ बंद करून, "तुला सगळं जमतं रे. एखाद्या गोष्टीत नाही जमलं तर चालत नाही का?"

आणि तिने फोन ठेवला.

इथे हिशेब सांगायला हवा. ताई मागच्या वर्षभरात जिन्यावरून पडली होती, न्हाणीघरात पडली होती आणि एकदा, आईच्या म्हणण्याप्रमाणे, कपाटाचं दार तिच्या तोंडावर आपटलं होतं. दर वेळी आई म्हणायची, तिचं पाऊलच वेंधळं, लहानपणापासून. लहानपणी ताई कुंपणाच्या भिंतीवरून मांजरासारखी चालायची, आणि हे खालून टाळ्या वाजवत बघणारा मीटरच होता. पण आठवण ही सोयीने येणारी पाहुणी. इतक्यांदा पडणाऱ्या बाईचा जिना एकदा बघून यावा असं माहेरच्या कुणाला वाटलं नाही. मीटर कशालाही मीटर लावायचा. तिथे त्याने लावला नाही.

"काय म्हणत होती बहीण?" गादीवाल्याने विचारलं. मीटरने सांगितलं.

"गिऱ्हाइकाची बायको म्हणते सावकाश कर, आणि तुला त्यात काही दिसत नाही? तुझ्या मीटरला काटा आहे की नुसतीच काच?"

"तिला वाटतं मला जमणार नाही."

"तिला तसं वाटतं असं तुला वाटतं."

"तू सीट शीव."

आणि मीटर कामाला लागला, तो असा की कधी लागला नव्हता. डिकीत त्याने दुसरी बॅटरी बसवली. अंगठ्याएवढी जाड तार ओढली. वूफरची जोडणी बदलली, म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा बोजा निम्मा झाला. ॲम्प्लिफायर खोक्यावरून काढून पत्र्याच्या घोडीवर उभा केला, त्याच्या दोन्ही अंगांना पंखे लावले आणि गरम हवा बाहेर जायला वाट काढून दिली. भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून त्याने हे सगळं केलं. बहिणीला दाखवून द्यायचं होतं ना.

दाजी घ्यायला आले तेव्हा त्याने इंजिन बंद करून, डिकी लावून, पूर्ण आवाज सोडला. दाजी शटरला टेकून उभे राहिले. चष्मेवाला दुकान बंद करून जेवायला गेला, जेवून परत आला, गाणं चालूच.

"आता थांबणार नाही ना?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही दमाल दाजी, हा दमायचा नाही."

दाजी मोठ्याने हसले. त्यांनी मीटरला मिठी मारली, ती अशी की त्याच्या बरगड्या बोलल्या. "शाब्बास! एक सागवानी खिडकी आलीय हाताशी. तुला देतो." गादीवाला मान खाली घालून शिवत राहिला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही, आणि हे मीटरच्या लक्षात आलं नाही.

काम दिल्यावर आठवड्याने गिऱ्हाइकाकडे जाऊन स्क्रू पुन्हा आवळायचे, ही मीटरची आणखी एक रीत. जाड तार कसली की तांब्याचे पदर हळूहळू दबतात आणि जोड ढिला पडतो. इतर कुणी जात नाही, मीटर जायचा. रविवारी दुपारी तो पाने आणि पेचकस घेऊन दाजींच्या गल्लीत शिरला.

एकाला एक चिकटलेली घरं, दोन घरांत मिळून एकच भिंत. गल्लीच्या तोंडापासूनच वूफरचा दणका छातीत जाणवत होता. कुठे फाटत नाही, कुठे दबत नाही. मीटर चालता चालता ताठ झाला.

शेजारीण पायरीवर बसून चादर पिळत होती. चादर केव्हाच कोरडी झाली असावी, तरी ती पिळत होती.

"तूच ना तो बसवणारा?"

"हो, मीच," मीटर म्हणाला. अभिमानाने म्हणाला, हे नोंदवून ठेवायला हवं.

"आधी बरं होतं बाबा. बंद पडायचं."

"तेच तर दुरुस्त केलं."

"बंद पडलं की तुझे दाजी बाहेर यायचे. डिकी उघडायचे, शिव्या द्यायचे, तारा हलवायचे. तेवढ्यात तुझी बहीण मागच्या दाराने माझ्याकडे यायची. ओट्यापाशी बसायची, पाणी प्यायची. पुन्हा लागेपर्यंत." तिने चादर आणखी पिळली. "तू नीट केल्यापासून आली नाही."

"दाजी गाडीत बसलेत ना?"

"गाडीत कोण बसतंय? गाडी रिकामी असते. कुलूप लावलेलं असतं."

"मग गाणं कशाला लावतात?"

शेजारणीने पहिल्यांदा त्याच्याकडे वर पाहिलं. "मला काय विचारतोस? मला काय ऐकू येतं? गाणंच ऐकू येतं. सगळ्या गल्लीला गाणंच ऐकू येतं."

मीटरच्या हातातली पिशवी खाली पडली. पाने फरशीवर सांडले, त्यांचाही आवाज झाला नाही.

दाजींच्या घराला लागून असलेल्या गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. तो वाकून आत गेला. गाडी रिकामी, काचा वर, इंजिन बंद. डिकीच्या फटीतून त्याच्याच पंख्यांची गरम हवा पायावर येत होती. घरात जाणारं आतलं दार बंद होतं. त्याने दाराला कान लावला. गाण्याचा ठेका त्याला पाठ होता. चाचणीला त्याने गाडीतलं हेच गाणं शंभरदा वाजवलं असेल. ठेक्यात एक ठोका आला, तो गाण्यातला नव्हता. मग आणखी एक. ओल्या गोणीवर पडावा तसा, जड, आणि घाई नसलेला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक इतकाच की तोंड दाबायची सोय बहिणीच्या भावाने करून दिली होती.

"दाजी!" त्याने दारावर मुठी आपटल्या. "दाजी! दार उघडा! ताई!" स्वतःचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला नाही. काम इतकं चोख झालं होतं.

कोपऱ्यात दाजींचा घण होता. मीटरने तो उचलून दारावर घातला. दार कुठल्या तरी जुन्या घराचं, सागवानी, चार बोटं जाड. घणाचा धक्का त्याच्याच खांद्यांत परत आला. दुसरा घाव घातला, भाजलेल्या तळव्याचा फोड फुटला आणि दांडा निसटायला लागला. दार हललंसुद्धा नाही.

तिसऱ्या घावाला तो थांबला. दाराने दाजी कधी थांबले नव्हते. त्यांना आजवर एकाच गोष्टीने थांबवलं होतं.

तो वळला आणि त्याने घण गाडीच्या मागच्या काचेवर घातला. काच दाणेदार होऊन कोसळली. तो अर्धा आत शिरला, सीटची पाठ उपटून खाली पाडली, आणि त्याचा तो डबा समोर दिसला, दोन्ही पंखे फिरताहेत, हिरवा दिवा, अगदी निरोगी. त्याने जाड तार धरून ओढली. येईना. स्वतःच आवळली होती. मग जागा नव्हती तरी त्याने दांडा आखूड धरला आणि घणाचं डोकं त्या हिरव्या दिव्यावर आपटलं. पत्रा दबला. पुन्हा आपटलं. ठिणग्यांचा लोट त्याच्या हातावर आला, बाही पेटली, आणि गाणं मध्येच तुटलं.

आधी काहीच नव्हतं. मग भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. ती किंचाळत नव्हती. "बास, बास, बास," असं म्हणत होती, एका सुरात, जसं कुणी बराच वेळ म्हणत असतं आणि आपण म्हणतोय हे विसरतं. आणि दाजींचा हात हवेत असावा, कारण त्या शांततेत आणखी एक ठोका पडला. तो गॅरेजमध्ये ऐकू आला, शेजारणीच्या पायरीवर ऐकू आला, आणि समोरच्या घरात कुणीतरी जेवता जेवता खुर्ची मागे सरकवली तेही ऐकू आलं.

आतलं दार उघडलं. दाजी बनियनवर होते, घामाने निथळत. उजव्या मुठीला टॉवेल घट्ट गुंडाळलेला. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं.

"गाडी फोडलीस?"

"ताई कुठाय?"

"माझी गाडी फोडलीस?"

मीटर बाही विझवत काचेतून बाहेर सरकत होता. दाजींनी त्याला केसांना धरून खेचलं. पहिल्या गुद्द्यात नाक गेलं. "शटर कुणी दिलं?" दुसऱ्यात ओठ दातांत घुसला. "काचेचं दार कुणी दिलं?" तिसरा पोटात. "बेसिन? बोल, बेसिन कुणी दिलं?" उपकार पाठ केलेले होते, एका फटक्याला एक. मीटर खाली पडला. दाजींनी त्याच्या मानेवर पाय दिला आणि त्याचा गाल फुटक्या काचेत घासला.

शटरशी माणसं जमली होती. आता कान नव्हते असं म्हणायची सोय उरली नव्हती, म्हणून डोळे घेऊन आली होती. दाजींनी पाय न काढता त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घरचं आहे. मेहुणा पिऊन आलाय, गाडी फोडली माझी. तुम्ही जा."

दोघंतिघं खरंच निम्मे वळले. लोकांना जायला कारण लागत नाही, परवानगी लागते. पण शेजारीण चादर हातात घेऊनच वाकून आत आली आणि दाजींच्या बाजूने पलीकडे, दाराकडे बघत म्हणाली, "काय झालं गं?"

ताई चौकटीला धरून उभी होती. एक डोळा पूर्ण मिटलेला, जबडा एका अंगाला सुजलेला. दुसऱ्या डोळ्याने ती एकेकाकडे बघत होती, जणू त्यातलं कोण खरं आहे ते ओळखायचं होतं.

"सांग त्यांना," दाजी म्हणाले. "पडलीस ते सांग."

"पडले नाही," ताई म्हणाली.

"नीट बोल."

"पडले नाही. मारतात. टॉवेल गुंडाळून मारतात, म्हणजे हाताला लागत नाही. आणि गाणं लावतात, म्हणजे तुम्हाला लागत नाही."

दाजी मीटरच्या मानेवरून उतरले आणि तिच्याकडे गेले. गल्ली बघतेय, शांतता आहे, याचं भान पहिल्यांदाच सुटलं होतं. त्यांनी सगळ्यांदेखत टॉवेलची मूठ उचलली.

मीटरला घण दिसत नव्हता, डोळ्यांत रक्त होतं. पण दांडा हाताला लागला. पडल्या पडल्या, जमिनीलगत, सगळं अंग पिळून त्याने घण फिरवला. तो दाजींच्या गुडघ्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ दाजींचा. पाडकामात अनेक वर्षं काढूनही तो आवाज त्यांनी आतून कधी ऐकला नसावा. ते कोसळले आणि पाय धरून गुरासारखे ओरडू लागले.

मीटर उठून उभा राहिला. त्याने घण डोक्यावर नेला. खाली दाजींचं डोकं होतं, टक्कल पडायला लागलेलं, घामाने चकाकणारं.

"बेसिन तुम्ही दिलंत," मीटर म्हणाला. त्याचे दात रक्ताने लाल होते. "शटर तुम्ही दिलंत."

"छोट्या, नको!" ताई पुढे आली.

"बाजूला हो ताई."

"नाही होणार."

"बाजूला हो! तुझ्या अंगावर पडेल."

"तू तुरुंगात गेलास तर मी कुणाकडे जाऊ?" ताई म्हणाली.

तिने दया दाखवली नव्हती, नवऱ्याची बाजू घेतली नव्हती. तिने विचारलं होतं, आणि उत्तर हवं होतं. घण वरच राहिला. मग समोरच्या घरातला माणूस पुढे आला आणि त्याने मागून दांडा धरला. हाताला अजून भात लागलेला होता त्याच्या. बाकीचेही आत आले. एकदा पहिला आत आला की गर्दीला धीर फार. दोघांनी तर दाजींना लाथाही घातल्या, ज्यांना आजवर फक्त गाणं ऐकू आलं होतं.

दवाखान्यात ताईच्या जबड्याला पट्टा बांधला. मीटरच्या ओठाला टाके पडले. पोलीस कॉरिडॉरच्या टोकाला खुर्ची टाकून मीटरवर नजर ठेवून बसला होता. दाजींचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि मीटरचा जबाब अजून व्हायचा होता. दाजींना दुसऱ्या मजल्यावर नेलं होतं. मीटर ताईच्या खाटेशी स्टुलावर बसला.

"मला कळलं नाही गं," तो म्हणाला. टाक्यांमुळे शब्द तुटत होते. "तू फोन केलास तेव्हा."

"तुला कळणार नाही हे मला कळलं होतं."

"मग सरळ का नाही सांगितलंस?"

ताई छताकडे बघतच बोलली. जबडा फार उघडत नव्हता. "सरळ सांगितलं असतं तर तू आईला विचारलं असतंस."

विचारलं असतं. आईने काय सांगितलं असतं तेही त्याला शब्दन् शब्द माहीत होतं.

कॉरिडॉरमध्ये चपलांचा आवाज झाला. आई आली होती, हातात कपड्यांची पिशवी, चेहरा रडून सुजलेला. मीटर उठून दारात गेला.

"जावईबापूंचा पाय कसा आहे?" आईने विचारलं. "काय करून बसलास हे! वर जाऊन आले मी. शुद्धीवर आहेत. म्हणतात, ती येऊन दोन शब्द नीट बोलली तर तक्रार देत नाही तुझ्यावर. हो बाजूला, मी समजावते तिला."

"आई, घरी जा."

"अरे, आई आहे मी तिची!"

"हो. उद्या ये. आज तिला काही विचारू नकोस, काही समजावू नकोस."

"तुझ्यासाठीच म्हणतेय ना मी! तुला आत टाकतील ते."

"टाकू देत."

"तिचा संसार—"

"आई, घरी जा."

आईने त्याच्या तोंडावर थप्पड मारली. भरपूर जोरात, टाक्यांवर. ओठ पुन्हा उसवला आणि रक्त हनुवटीवर आलं. पोलीस खुर्चीतून अर्धा उठला. आई स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. मीटर दारातून हलला नाही.

"छोट्या," आतून ताई म्हणाली, "दार लाव."

त्याने आत पाऊल घेतलं आणि आईच्या तोंडावर दार लावलं.